पंचनाम्यात मुलाचे वजन कुठे आहे?

अतिवृष्टी झाली की वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुका असो वा आणखी कुठला, तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात. सोयाबीन, तुरीचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तर मदत मिळते. पडलेली घरे, दगावलेली जनावरेही नोंदली जातात. घरातल्या लहान मुलाच्या तब्येतीला मात्र पंचनाम्यात रकाना नसतो. पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. मुलाची खुंटलेली वाढ तशी भरून काढता येत नाही.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १,००० दिवसांत मेंदू आणि शरीराची घडण सर्वांत वेगाने होते. हातात पैसा नसला की ताटातून आधी दूध, अंडी, डाळ आणि भाजी कमी होते. पोट भाकरीने भरते, त्यामुळे उपासमार डोळ्यांना दिसत नाही. त्यातच पाणी दूषित झाले तर वारंवार जुलाब होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. असे मूल वयाच्या मानाने बुटके राहते. पुढे शिकण्याच्या क्षमतेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

परिणाम किती लांबतो, हे नेदरलँड्समध्ये दिसले. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे अन्नटंचाई झाली. त्या काळात गर्भात असलेल्यांच्या शरीरात मध्यमवयात साखरेचे नियंत्रण बिघडल्याचे आढळले. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात गर्भात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्यांनी साखर आणि रक्तदाबाची नियमित तपासणी करून घेतलेली बरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. म्हणजे आपत्ती येते ती आधीच अशक्त असलेल्या मुलांवर.

यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद होतेच. आपत्तीग्रस्त गावांत आपत्तीपूर्वीच्या नोंदींशी पुढील दोन वर्षे तुलना करावी. गरोदर व स्तनदा मातांच्या आहारात खंड पडू देऊ नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर पालकांनी पुढच्या वजनाची वाट न पाहता त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. नुकसानभरपाईचा हिशेब मुलाच्या वजनापर्यंत पोहोचला, तरच तो पूर्ण झाला असे म्हणता येईल.