प्रोबायोटिक लिहिताना वाणही लिहावे

गेल्या काही वर्षांत बालरोगतज्ज्ञांच्या दारी एक नवा शब्द येऊन पोहोचला आहे : हिस्टामिन असहिष्णुता. मुलाच्या अंगावर गांधी उठतात, पोट फुगते, डोके दुखते, शौचास पातळ होते. आईवडील मोबाइलवरून उतरवून घेतलेली वर्ज्य पदार्थांची यादी पुढे ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, हिस्टामिन न वाढवणारे प्रोबायोटिक कोणते?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर एखाद्या कंपनीच्या नावात देता येत नाही. ते का, हे व्यवसायबंधूंपुढे आणि सिल्वासातील आपल्या कुटुंबांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

हिस्टामिन हे आपल्या शरीराचेच द्रव्य आहे, पण ते अन्नातूनही येते. अन्नातून आलेले हिस्टामिन आतड्याच्या अस्तरातील डायअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर निकामी करते. हे विकर अपुरे पडले की लक्षणे उद्भवतात, असे असहिष्णुतेचे गृहीतक आहे. मासळीची विषबाधा मात्र वेगळी. बांगडा, कुपा, तारली बर्फाविना राहिली की जिवाणू त्यांच्या मांसातील हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. ते शिजवून वा तळून नाहीसे होत नाही, आणि अशी मासळी खाल्ल्यावर धडधाकट माणसाचाही चेहरा लाल होतो, डोके ठणकते. किनाऱ्यावरून येथे येणारी मासळी बर्फात होती की नाही, ही चौकशी म्हणूनच कोणत्याही महागड्या तपासणीच्या आधी करावी.

येथे एक गोष्ट थोड्या विस्ताराने सांगतो, कारण तिच्यावाचून रुग्णाचे खरे नुकसान होऊ शकते. क्षयरोगावरील आयसोनायाझिड हे औषध याच विकराला अडवते. श्रीलंकेतील डॉ. सी. जी. उरगोडा यांनी १९८० साली, हे औषध घेणाऱ्या क्षयरुग्णांना कुपा खाल्ल्यावर झालेल्या हिस्टामिन बाधेचे वर्णन प्रसिद्ध केले. असा रुग्ण लाल चेहरा आणि धडधड घेऊन आला, तर त्यास औषधाची ॲलर्जी ठरवून उपचार थांबवण्याचा मोह होतो. जेवणात काय होते, हा एक प्रश्न विचारला तर ते टळेल.

आता प्रोबायोटिककडे वळू. नुसते "तांदूळ" म्हणून दुकानदारास काही कळत नाही. कोलम की इंद्रायणी, हे सांगावे लागते. जिवाणूंचेही तसेच आहे. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या एकाच प्रजातीतील ६४७५ क्रमांकाचे वाण हिस्टिडिनपासून हिस्टामिन तयार करते. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटशूळासाठी अभ्यासलेले वाण निराळे, त्याचा क्रमांक १७९३८. त्यामुळे "रॉयटेरी चालते" किंवा "केसाई चालत नाही" अशा सरसकट याद्यांना फारसा अर्थ राहत नाही. शिवाय ६४७५ ने बनवलेले हिस्टामिन प्रयोगशाळेत दाह कमी करताना आढळले आहे. म्हणजे हिस्टामिन म्हटले की वाईटच, हेही खरे नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रोबायोटिक अन्नपदार्थाच्या वेष्टनावर प्रजातीसह वाण आणि मुदत संपतानाची जिवंत जिवाणूंची संख्या छापलेली असावी. आपल्यापैकी किती जण ती ओळ वाचतात? "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस" या नावाने आपण वर्षानुवर्षे जे लिहीत आलो, तो प्रत्यक्षात बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. (२०२० साली लॅक्टोबॅसिलस कुळाची नावेच बदलली, त्यामुळे गोंधळात भर पडली, हे मान्य.)

वाण, मात्रा, मुदत आणि हेतू ठरलेले असले की काय साधते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशाच्या खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवरील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचे एक विशिष्ट वाण, जोडीला जिवाणूंचे खाद्य असलेली शर्करा, केवळ ७ दिवस. जंतुदोष वा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. उलट अतिसार झालेल्या मुलांवरील अमेरिका व कॅनडातील दोन मोठ्या चाचण्यांत २०१८ साली काहीच लाभ दिसला नाही. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांबाबत तर २०२३ मध्ये एका बालमृत्यूनंतर अमेरिकी औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला.

तरीही जुलाबाच्या प्रत्येक मुलाच्या कागदावर प्रोबायोटिकची पुडी असतेच. मसाट किंवा खडोलीच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या बापाला ती पुडी आणि झिंक यांत निवड करावी लागली, तर तो बहुधा महागडी वस्तू अधिक गुणकारी समजून तीच घेईल. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने जे करून दाखवले, त्याला पर्याय अजून सापडलेला नाही. जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक आधी लिहावे. पैसे उरले तर पुढचे.

हिस्टामिनचा संशय खरोखर असेल तेथे काय करावे? रक्तातील विकराच्या तपासणीवर मी विसंबत नाही. जर्मन भाषिक देशांतील ॲलर्जीतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही तिला निदानाचा आधार मानत नाहीत. प्रथम दुधातील शर्करा न पचणे, सीलिॲक आजार, जंत, जुनाट बद्धकोष्ठता यांचा विचार व्हावा. मग आईने दोन आठवडे जेवणाची व लक्षणांची वही ठेवावी, संशयित पदार्थ थोड्या दिवसांपुरते वगळावेत आणि एकेक करून परत द्यावेत. वाढत्या मुलाचे दही, टोमॅटो, वांगे, मासे, ढोकळा सारे एकदम बंद करणारी यादी त्याला कुपोषणाकडे नेते. आमच्या वजनकाट्यावर ते महिन्या-दोन महिन्यांत दिसू लागते.

आणि प्रोबायोटिक द्यायचेच ठरले, तर एका वेळी एकच द्यावे, वाण कागदावर लिहावे, चार आठवड्यांनी वहीसह बोलवावे. फरक नसेल तर ते बंद करावे. लक्षणे वाढली तर चार आठवडे वाट पाहू नये.