प्रवेशाआधी तंजावूरची एक फेरी

मुलीसाठी स्थळ पाहायचे तर आईवडील दहा ठिकाणी चौकशी करतात. घर पाहतात, माणसे पाहतात, शेजाऱ्यांनाही हळूच विचारतात. पण तीच मुलगी एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी परप्रांतात निघाली, तर तिच्या आयुष्यातील चार-पाच वर्षे माहितीपत्रकातल्या एका फोटोच्या भरवशावर सोपवली जातात. खरी परिस्थिती कळते ती फी भरून, सामानासह वसतिगृहाच्या दारात उतरल्यावर. म्हणूनच प्रवेश घेण्याआधी ती जागा एकदा डोळ्यांनी पाहून येणे शहाणपणाचे.

उदाहरण तंजावूरचे घेऊ. येथे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते आहेत आणि त्यांत मराठी ग्रंथ व मोडी कागदही आहेत. ‘शिवभारत’ची पोथी येथेच सापडली. त्यामुळे इतिहास किंवा मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला या गावाची ओढ वाटणे साहजिक आहे. मात्र ग्रंथालय पदवी देत नाही. पदवी विद्यापीठाची, कागद ग्रंथालयाचे. म्हणून फेरीत दोन्ही ठिकाणे पाहायला हवीत. ग्रंथालय गावात राजवाड्याच्या आवारात आहे, तर १९८१ मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ गावाबाहेर तिरुचिरापल्लीच्या रस्त्यावर. तेव्हा कामाचे दोन पूर्ण दिवस हाताशी हवेत.

निघण्यापूर्वी

तारीख ठरवताना आपले नव्हे, तिथले पंचांग पाहावे. जानेवारीच्या मध्यात पोंगलची सलग सुटी असते. आपल्याकडे पाऊस ओसरतो तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, तिकडे ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. परीक्षेचे दिवसही टाळावेत, कारण प्राध्यापकांना तेव्हा सवड नसते. चेन्नईमार्गे जाणाऱ्यांनी उतरण्याचे स्थानक आणि पुढच्या गाडीचे स्थानक एकच आहे का, हे तिकिटावर नीट पाहावे. सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्थानके आहेत. विमानाने जायचे तर जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा.

तीन-चार आठवडे आधी संभाव्य मार्गदर्शकांना ई-मेलने थोडक्यात कळवावे: आपला विषय, आतापर्यंतचे शिक्षण आणि भेटीची तारीख. उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नये. उत्तर किती तत्परतेने येते, यावरूनही पुढच्या दिवसांचा थोडा अंदाज येतो. ग्रंथालयाचा साप्ताहिक सुटीचा वार आणि हस्तलिखिते पाहण्यासाठी लागणारे पत्र यांचीही चौकशी याच वेळी करावी.

तेथे गेल्यावर

पहिली भेट मार्गदर्शकांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. ‘तुमच्याकडे जागा आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? दुसरा प्रश्न, निवृत्तीला किती वर्षे आहेत. तोही नम्रपणे विचारता येतो. तिसरा सर्वांत महत्त्वाचा: प्रबंध कोणत्या भाषेत लिहावा लागेल? इंग्रजी चालते की तमिळच लागते, याचे उत्तर तोंडी न घेता लेखी मागावे. हे बोलणे विद्यार्थिनीनेच करावे. सोबत आलेल्या वडिलांनी किंवा भावाने बाहेर बसलेले बरे.

ग्रंथालयात सूची मागून घ्यावी. आपल्या विषयाचे कागद नेमके कोठे आहेत, त्यांच्या प्रती मिळतात का, त्यांना खर्च किती, हे तेथेच कळेल. मोडी मात्र घरूनच शिकून जावे. मोडी वाचता येत नसेल, तर समोर आलेल्या रुमालाचा उपयोग काय?

दुसरा दिवस राहण्या-जेवणाचा. वसतिगृहातील मुलींशी कर्मचाऱ्यांच्या अपरोक्ष बोलावे. पाणी किती वेळ येते, रात्री दार किती वाजता बंद होते, आजारी पडल्यावर कोण नेते, रॅगिंगविरोधी समितीचा फोन लागतो का, हे त्या मोकळेपणाने सांगतात. मेसमध्ये एकदा जेवून पाहावे. दोन्ही वेळा भात चालणार नसेल, तर पोळी कोठे मिळते ते शोधून ठेवावे. संध्याकाळी अंधार पडल्यावर विद्यापीठातून गावात बसने एकदा येऊन पाहावे. दुपारी सोपा वाटणारा रस्ता तेव्हा कसा असतो, हे घरच्यांनाही कळेल.

तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही असेच करावे. अन्नप्रक्रियेचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची निफ्टेम ही संस्थाही तंजावुरातच आहे. तेथे ग्रंथालयाऐवजी प्रयोगशाळा पाहावी. यंत्रे चालू आहेत की कापडाखाली झाकलेली, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते.

घाईने पैसे नकोत

या फेरीत मूळ प्रमाणपत्रे दाखवावी लागली, तरी कोणाकडे ठेवून येऊ नये. आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार संस्थेने ती तपासून परत द्यायची असतात. ‘आजच भरा, उद्या जागा जाईल’ असे कोणी म्हटले, तर फी परतीचे नियम लेखी मागावेत.

परतीच्या गाडीत जमेच्या आणि नावडीच्या बाजू कागदावर मांडाव्यात. मार्गदर्शक नसेल किंवा भाषेची अट जमणारी नसेल, तर बृहदीश्वराचे दर्शन घेऊन आनंदाने परतावे आणि दुसरे विद्यापीठ शोधावे. सगळे जुळले, तर मुलगी जूनमध्ये अनोळखी गावी जाणार नाही. कोणत्या दारात उभे राहायचे आणि कोणाला हाक मारायची, हे तिला आधीच ठाऊक असेल.