खेळाच्या संगणकाचें रोगनिदान

अलीकडे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं खेळांसाठीं खास जुळवून घेतलेला संगणक आढळतो. पालकांनीं पोटाला चिमटा घेऊन तो घेतलेला असतो. आणि चारसहा महिने लोटतात न लोटतात तोंच ऐन रंगांत आलेला खेळ अकस्मात् बंद पडूं लागतो. कधीं पडदा निळा होतो, कधीं काळा, तर कधीं यंत्र आपोआप नव्यानें सुरू होतें. अशा वेळीं घरांत दोन निकाल तत्काळ लागतात. चिरंजीव म्हणतात, "ग्राफिक्स कार्ड गेलें, नवें आणलें पाहिजे." तीर्थरूप म्हणतात, "खेळच वाईट. पेटी कुलुपांत ठेवा." दोन्ही निकाल पुराव्यावांचून दिलेले असल्यामुळें आम्हांस सारखेच अमान्य आहेत. चांगल्या कार्डाची किंमत आज पुष्कळ घरांच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक आहे. तेव्हां दोष कोठें आहे हें कळल्याखेरीज एक रुपयाहि खर्चूं नये, आणि तो शोधण्याचें काम ज्याचा संगणक त्यानेंच करावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यंत्र बंद पडतांना पडद्यावर जो संदेश उमटतो त्यालाच निदान समजणें हा सर्वांत मोठा घोटाळा होय. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांचें उदाहरण पाहा. २०२२ व २०२३ सालीं बाजारांत आलेल्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांवर, विशेषतः भारी किंमतीच्या नमुन्यांवर, अनरियल एंजिनावर रचलेले खेळ वारंवार बंद पडूं लागले. तक्रार उमटे ती अशी कीं, ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी आहे. ज्यांच्या कार्डांत चोवीस गिगाबाइट मेमरी होती त्यांसहि हाच संदेश! साहजिकच संशय कार्डावर गेला. वास्तविक घडत होतें तें निराळेंच. खेळाची सामग्री आवळून साठविलेली असते, ती उलगडण्याचें काम प्रोसेसर करतो. उलगडतांना त्याच्या हिशेबांत चूक होई, आणि ती बिघडलेली सामग्री पुढें गेली कीं खेळ भलत्याच भागाच्या नांवानें ओरड करी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात तें हेंच. ज्यांनीं कार्ड तसेंच ठेवून प्रोसेसरचा वेग किंचित् उतरविला, त्यांचा तोच खेळ सुरळीत चालूं लागला, आणि चोर कोण हें उघड झालें. कार्डें बनविणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीनेंच २०२४ सालीं अशा ग्राहकांस इंटेलकडे जाण्यास सांगितलें. त्या वर्षीं जुलै महिन्यांत इंटेलनें मान्य केलें कीं, अंतर्गत सूचनांतील दोषामुळें प्रोसेसर वाजवीपेक्षां अधिक विद्युद्दाब मागून घेत होता. ऑगस्टमध्यें सुधारलेल्या सूचना आल्या व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. सप्टेंबरांत असा खुलासा झाला कीं, अधिक दाब व उष्णता यांमुळें प्रोसेसरांतील कालस्पंद पोंचविणारें मंडल अकालीं जीर्ण होतें. नव्या सूचना पुढील झीज टाळण्यासाठीं आहेत; एकदां झिजलेला प्रोसेसर त्यांनीं बरा होत नाहीं.

विंडोजच्या नोंदवहींतील 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीचेंहि असेंच आहे. ती दिसली कीं पॉवर सप्लाय बिघडला असें पुष्कळ जण ठरवून टाकतात. तिचा अर्थ इतकाच कीं, यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हा सुरू झालें. घरांतील वीज गेली तरी तीच नोंद होते.

मग करावें काय? एक वही घ्यावी. खेळ बंद पडला कीं तारीख, वेळ, खेळाचें नांव, सुरू केल्यापासून किती मिनिटें झालीं, आणि प्रोसेसर व कार्ड यांचें तपमान लिहावें. आठ दिवसांत वही बोलूं लागते. नेहमीं अर्ध्या तासानेंच बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. आमच्याकडील धूळ आणि वैशाखांतील उकाडा यांमुळें पंख्यांवर व जाळ्यांवर थर सांचतात, ते आधीं साफ करावे. खेळ उघडतांनाच, सामग्री उलगडली जात असतां, बंद पडत असेल तर प्रोसेसर व रॅम यांकडे वळावें. दृश्य जड होतांच दिवा विझावा तसें यंत्र विझत असेल तर पॉवर सप्लायची आठवण करावी. हे संशय झाले. शाबिती पुढेंच आहे.

पहिल्यानें सर्व वेग मूळ पदावर आणावे. रॅमच्या वेष्टनावर छापलेला वेग पुष्कळदां तिचा मूळ वेग नसतो. बायोसमध्यें एक्सएमपी अथवा एक्स्पो हा पर्याय चालू केल्यावर मिळणारा तो चढविलेला वेग असतो. तो पर्याय बंद करून कांहीं दिवस खेळून पाहावें. तेवढ्यानें भागलें तर एकहि पैसा न खर्चतां दोषाचा माग लागला. न भागल्यास मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एक चूक निघाली तरी ती दोषच समजावी. मग रॅमच्या पट्ट्या एकेक करून त्याच खांचेंत तपासाव्या, म्हणजे दोष पट्टीचा कीं खांचेचा हें कळतें. एका वेळीं एकच बदल! जो रविवारीं रॅम बदलतो, विंडोज नव्यानें घालतो आणि बायोसहि सुधारतो, त्याचा खेळ सोमवारीं चालला तरी त्याला कांहींएक कळलेलें नसतें. आणखी एक ध्यानांत असावें: कसोटींत चूक सांपडली तर दोष आहेच, न सांपडली तर यंत्र निर्दोष ठरलें असें नव्हे.

परीक्षा तोंडावर असतां खेळाच्या पेटीवर इतका वेळ कां दवडावा, असें कित्येक पालक आम्हांस विचारतील. त्यांनीं आपल्या पाल्याची विज्ञानाची प्रयोगवही एकदां उघडून पाहावी. तींत गुरुत्वत्वरण ९.८ येतेंच येतें, मग दोलकानें कांहींहि सांगितलेलें असो. उत्तर आधींच ठाऊक असल्यामुळें आंकडे त्याच्याकडे वळविले जातात, आणि आम्ही शिक्षकहि लाल शाईनें 'ठीक' असें लिहून मोकळे होतों. बंद पडणाऱ्या संगणकाचें उत्तर कोणत्याहि पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें नाहीं. तेथें खोटा आंकडा लिहिला तर खेळ पुन्हा बंद पडतो. तेव्हां वहीचीं दोन पानें भरल्याखेरीज नव्या भागाची मागणी ऐकूं नये, पण तीं भरलीं असतील तर पालकांनीं शेजारीं बसून तीं मनापासून वाचावीं, एवढीच आमची विनंती आहे. दुकानदारासमोर हमीचा हक्क सांगतांनाहि बिलासोबत तींच पानें उपयोगीं पडतात.

पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीहि उघडूं नये. वायर काढून ठेवली तरी आंतील कपॅसिटरांत विद्युत् सांठून राहते. संशय असेल तर पुरेशा वॅटांची दुसरी पेटी स्नेह्याकडून दोन दिवस मागून आणावी व माहितगार माणसाच्या देखत जोडावी. जोडतांना तिच्या वायरी तिच्याच असाव्या, कारण दोन पेट्यांच्या वायरी दिसण्यांत सारख्या असल्या तरी त्यांची आंतील जुळणी निराळी असूं शकते, आणि मग बरे असलेले भागहि जळून जातात.