तोंडपाठ म्हणजे वाचता येणे नव्हे

जून महिन्यात शाळा उघडतात. नवे दप्तर, नवी वही, नवा गणवेश यासाठी आपल्या घरांतून काय ओढाताण होते ते आपण सगळेच जाणतो. कोणी मजुरीची आगाऊ उचल घेतो, कोणी बचतगटातून कर्ज काढते, कोणी मुंबईच्या भावाला फोन करते. एवढे करून मूल शाळेत जाते आणि दोन-तीन वर्षांनी कधीतरी घरात लक्षात येते की, मुलाला पुस्तक वाचताच येत नाही. कविता तो घडाघडा म्हणतो. पण त्याच कवितेतल्या एका शब्दावर बोट ठेवून "हा कुठला?" असे विचारले की खाली मान घालतो.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर वाड्या-वाड्यांतून फिरताना आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहतो. अशा मुलावर शिक्का ठरलेला असतो: "याच्या डोक्यात काही शिरत नाही." एकदा तर आमच्यासमोरच एका आईला ऐकवण्यात आले, "तुमच्या वाडीतली पोरं अशीच." हा शिक्का आपल्याला नवा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्या भीमरावांचे नाव दाखल झाले, त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागत असे. आज कोणी गोणपाट आणायला सांगत नाही. पण ज्याला वाचता येत नाही ते मूल पहिल्या बाकावर बसले तरी कोपऱ्यातच बसलेले असते. पुढे मोठेपणी तो कचेरीच्या दारात अर्ज लिहून देणाऱ्याला शोधत फिरतो आणि काय लिहिले आहे ते न कळता सही करतो. अशा सह्या आम्ही आमच्या टेबलावर रोज पाहतो.

हे दुखणे केवळ आपल्या वाडीचे नाही. 'असर' या पाहणीत ग्रामीण भागातल्या घराघरांत जाऊन मुलांकडून वाचून घेतात. देशातल्या सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ साली १६.३ टक्के आढळली आणि २०२४ साली २३.४ टक्के. सुधारणा झाली हे खरे, पण शंभरातली शहात्तर मुले अजून मागेच आहेत. मग शंभरातल्या शहात्तर मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही असे म्हणायचे काय? दोष मुलांच्या डोक्यात नाही, शिकवण्याच्या रीतीत आहे.

रीत कुठे चुकते?

आपल्याकडे मूल चार वर्षांचे झाले की "अ अननसाचा, आ आईचा" सुरू होते. मग "क कमळाचा". मग बाराखडी: "क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि." मूल ते गाण्यासारखे म्हणते आणि आपण कौतुकाने पाहतो. पण गाणे पाठ होणे वेगळे आणि अक्षर ओळखता येणे वेगळे. तपासून पाहा. बाराखडीचा तक्ता समोर धरा आणि क्रम सोडून मधल्याच एखाद्या घरावर बोट ठेवा. मूल जर मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत तिथवर येत असेल, तर त्याला बाराखडी पाठ आहे, वाचता येत नाही असे समजावे.

लिहिण्यासाठी 'ग म भ न' हा क्रम पूर्वीपासून चालत आला आहे. ही अक्षरे एकमेकांसारखी वळतात, त्यामुळे हात बसायला तो क्रम चांगला. पण वाचायला शिकताना तीच सारखी अक्षरे घात करतात. म आणि भ, घ आणि ध, थ आणि य ही एकाच दिवशी शिकवली की मूल गोंधळते. जे हाताला सोपे ते डोळ्याला सोपे असतेच असे नाही.

वाचन म्हणजे काय? अक्षर हे आवाजाचे चित्र आहे. चित्र पाहून आवाज काढता येणे, आवाजाला आवाज जोडून शब्द होणे आणि त्या शब्दाचा अर्थ मनात उमटणे, या तीन पायऱ्या चढल्या की मूल वाचू लागते. आवाजापासून सुरुवात करण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत 'फोनिक्स' म्हणतात. शहरात त्याचे वर्ग हजारो रुपये फी घेऊन चालतात. पण आपल्या मराठीला ही पद्धत परकी नाही. उलट आपली लिपीच आवाजावर उभी आहे. क, च, ट, त, प असे सावकाश म्हणून पाहा. आवाज घशाकडून निघून टाळू आणि दातांवरून ओठांपर्यंत येतो. इंग्रजीत अक्षराचे नाव 'सी' आणि 'कॅट' मध्ये आवाज मात्र 'क'. २६ अक्षरे आणि आवाज सुमारे ४४. मराठीत 'म'चे नावही म आणि आवाजही म. इतकी सोपी लिपी हाताशी असताना आपली मुले वाचनात मागे राहतात, हीच खंत आहे.

फलटणने दाखवलेली वाट

याच प्रश्नावर सातारा जिल्ह्यातल्या फलटणला मोठे काम झाले आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या भाषाशास्त्रज्ञ. १९६० नंतरच्या दशकात त्या भारतात आल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेऊन इथल्याच झाल्या. त्यांच्या शिकवण्याची सुरुवात झाली ती दलित वस्तीतल्या मुलांपासून, जी शाळेत जाऊनही वाचायला शिकली नव्हती. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. वर्णमाला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ करून घेण्याऐवजी अक्षरांचे छोटे गट करायचे आणि पहिल्या गटापासूनच मुलांना शब्द व वाक्ये वाचू द्यायची, ही त्यांच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट. दुसरी गोष्ट तितकीच मोलाची. मुलांना स्वतःच्या मनातले, स्वतःच्या शब्दांत लिहू द्यायचे.

ही दिशा धरून घरी काय करता येईल ते सांगतो. आई-बाप चौथी शिकलेले असले तरी पुरे. रोज पंधरा मिनिटे द्यावीत.

आधी कान, मग डोळा, मग हात. भाजी चिरताना, मासे साफ करताना मुलाला विचारा, "माड, मासा, मीठ, मामा, या सगळ्यांचा पहिला आवाज कुठला?" मूल ओठ मिटून "म" म्हणेल. आठवडाभर हाच खेळ खेळा. पाटी काढू नका. आवाज कानाला पक्का झाला की मग त्याचे चित्र दाखवा: "हा बघ, म असा दिसतो."

पहिल्या गटात पाचच अक्षरे घ्या: क, म, न, र, ळ. सोबत एक काना. एवढ्या सहा खुणांतून किती शब्द होतात पाहा: कान, नाक, मान, काम, रान, माळ, मळा, काळा, कमळ, नारळ, काका, मामा, नाना. तेरा शब्द झाले, आणि "मामा, काम कर" हे वाक्यसुद्धा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागचे कोरे कागद कापून एकेका कागदावर एकेक अक्षर लिहा आणि मुलाला शब्द जुळवू द्या. पहिल्या पंधरवड्यात ज्या मुलाने "नारळ" स्वतः जुळवून वाचला, त्याला वाचनाची गोडी लागलीच म्हणून समजा. पुढच्या गटात प, त, स, ण आणि दुसरी वेलांटी घ्या. म्हणजे पाणी, पान, सात, तीन, मासा हे शब्द आले. जोडाक्षरांची आणि ऱ्हस्व-दीर्घाची घाई नको. वर्षभरात ती येतात.

एक अडचण येते, तिने घाबरू नये. आपण लिहितो "कमळ", पण बोलताना शेवटचा ळ अर्धवट उच्चारतो. मूल मात्र "क... म... ळ..." असे एकेक अक्षर पुरे ताणून वाचते आणि शब्द त्याला कळत नाही. अशा वेळी रागावू नका. "आता पटकन म्हण" एवढेच सांगा. पटकन म्हटले की शब्द आपोआप ओळखीचा होतो. तसेच 'जाळे' आणि 'जीभ' यांतला ज एकच लिहितात, पण आवाज दोन. मूल हे विचारत असेल तर त्याचा कान तयार झाला असे समजून शाबासकी द्या.

लिहिण्यासाठी चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबू नये. आपल्याला समुद्राने एवढी मोठी पाटी दिली आहे. ओल्या वाळूत बोटाने म काढू द्या, शिंपल्या मांडून न करू द्या, आणि काढताना तोंडाने आवाज म्हणू द्या. १९०७ साली रोममध्ये मजुरांच्या वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढणाऱ्या मारिया माँटेसरी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरवून घेत आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज म्हणून घेत. त्यांचे विचार मराठी मुलखात रुजवले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज गावोगाव असलेल्या 'अंगणवाडी'चे नाव त्यातूनच आले.

"माका" खोडू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. वर दिलेल्या सहा खुणांत आणखी एक शब्द होतो: "माका". आपले मूल एखाद्या दिवशी पाटीवर लिहील, "माका नारळ." त्या क्षणी आपण काय करतो त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. "माका काय लिहितोस गावंढळासारखा? मला लिही!" असे म्हणून पाटी पुसली, तर मूल एवढेच शिकते की, घरातली भाषा लाजिरवाणी आहे आणि लिहिणे हे आपले काम नव्हे. खरे पाहता त्या मुलाने केवढा पराक्रम केला आहे! मनातला आवाज ऐकला, तो तोडला आणि अचूक अक्षरांत मांडला. यालाच लिहिणे म्हणतात. आधी ते वाचा, हसा, नारळ द्या. पुढे ल शिकवाल तेव्हा सांगा की, आपण घरात "माका" म्हणतो, पुस्तकात त्यालाच "मला" लिहितात. दोन्ही शब्द त्याचेच. माणगा, व्हाळ, गजाल, झील, चेडू हे शब्द घेऊन शाळेत आलेले मूल रिकाम्या हाताने आलेले नसते.

दूर ब्राझील देशात पाउलो फ्रेरे या शिक्षकाने हेच ओळखले होते. १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० निरक्षर मजुरांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवले गेले. पुस्तकी शब्द न घेता मजुरांच्या तोंडचे शब्द घेतले. वीट या अर्थाचा 'तिजोलो' हा शब्द घेऊन त्याचे तुकडे पाडायचे आणि ता, ते, ती, तो, तू अशी ओळ मांडायची. म्हणजे आपली बाराखडीच की! फरक एवढाच की त्यांनी ती पाठ करून घेतली नाही. ओळीतले तुकडे जुळवून मजुरांनी स्वतःचे नवे शब्द केले. बाराखडी वाईट नाही, तिची घोकंपट्टी वाईट. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकले. मजूर वाचू लागला की कोणाच्या पोटात गोळा येतो, हे वेगळे सांगायला नको.

काही पालक म्हणतील, आमचे मूल इंग्रजी माध्यमात आहे, आम्हाला हे कशाला? त्यांनीही मराठीतून आवाज-अक्षराची गाठ घरी घालून द्यावी. एका भाषेत ती नीट बसली की दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि "बी फॉर बॉल" म्हणणाऱ्या मुलाला बॉलमधला पहिला आवाज कोणता हेही विचारावे.

सरकारी पातळीवर २०२१ पासून 'निपुण भारत' योजना आहे. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे तिचे ध्येय ठरवले गेले. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीसाठी माता गटही सुरू झाले. आपल्या माता-भगिनींनी या गटांत जावे, शिक्षकांना भेटावे, "आमचे मूल क्रम सोडून अक्षरे ओळखते का?" असा नेमका प्रश्न विचारावा. भांडायला नव्हे, सोबत काम करायला जावे. चांगले शिक्षक अशा पालकांची वाटच पाहत असतात.

आणि प्रत्येक वाडीत विहार आहे, समाजमंदिर आहे. संध्याकाळी वंदना झाल्यावर दिवा विझवून कुलूप लावण्याआधी अर्धा तास मुलांना द्या. वाडीतली दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी, अक्षरांचे कागद आणि चार गोष्टींची पुस्तके, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. माधुरी पुरंदरे यांची 'वाचू आनंदे' ही पुस्तके जयंतीच्या वर्गणीतून एकदा आणली तर पिढीभर पुरतील. मिरवणुकीचा आवाज थोडा कमी झाला तरी चालेल. विहारातून लहान मुलाने अडखळत वाचलेल्या पहिल्या ओळीचा आवाज बाहेर ऐकू आला पाहिजे.

या रविवारी एवढेच करा. आपल्या घरातल्या पहिली-दुसरीच्या मुलाला जवळ घ्या आणि पुस्तकात नसलेला एक साधा शब्द कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवा. वाचला तर पाठ थोपटा. नाही वाचला तर हात उगारू नका. सोमवारपासून "म" सुरू करा.

जयभीम!