व्हिडिओ गेमचेही परीक्षण व्हावे

व्हिडिओ गेम या विषयासंबंधी आपल्या वर्तमानपत्रांतून जो मजकूर प्रसिद्ध होतो, तो बहुतकरून एखाद्या मुलाचा अभ्यास बुडाल्याची वा घरातला पैसा नाहीसा झाल्याची वार्ता तरी असते, किंवा या धंद्याची उलाढाल कोठवर गेली याचा हिशेब तरी असतो. परंतु अमुक एक खेळ कसा आहे, त्याची रचना कशी बांधली आहे, तो खेळणाऱ्याच्या बुद्धीला आणि हाताला कोणते काम सांगतो, आणि ते काम सांगण्याजोगे आहे की नाही, या प्रश्नांचा ऊहापोह माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे. एक कादंबरी हीन निघाली म्हणून आपण सर्व कादंबरीवाङ्मय त्याज्य ठरवीत नाही, आणि नवे नाटक रंगभूमीवर आले की त्याचे गुणदोष छापून सांगण्याची आपली रीत तर फार जुनी आहे. तोच न्याय या नव्या कलेला मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या खेळांपासून संगणक, हातात मावणारी यंत्रे, प्लेस्टेशन आणि आताचा मोबाइल येथवर, केवळ हौसेखातर, पुष्कळ वर्षे निरनिराळे खेळ खेळत आलेल्या एका माणसाची ही कैफियत वाचकांनी त्या दृष्टीने वाचावी.

या कलेची परीक्षा करू जाता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की खेळ त्याच्या यंत्रापासून सुटा काढता येत नाही. तुकारामाचा अभंग जाड कागदावर छापला काय किंवा पातळ कागदावर छापला काय, अभंग तोच राहतो; खेळाचे तसे नाही. यंत्राला स्मरणशक्ती किती, पडदा केवढा, बटणे किती आणि ती कोणत्या बोटाखाली येतात, यांवर खेळाचा पिंडच घडतो, आणि यंत्राचे दारिद्र्य कित्येकदा कर्त्याच्या कल्पकतेला अधिक धार आणते. १९८५ साली जपानमध्ये निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ घ्या. आपल्याकडे तो नंतर नक्कल केलेल्या यंत्रांवरून आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची ग्वाही देणाऱ्या वेष्टनांतून घरोघर पोहोचला. हा अवघा खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्याच्या अनेक पट जागा अडविते. जागेच्या या टंचाईमुळे आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांना एकच आकृती दिली, फक्त रंग बदलला. आणि वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्याही ते लक्षात आले नाही. परंतु मला त्याहून मोठे कौतुक वाटते ते त्याच्या पहिल्या काही पावलांचे. सूचनेचा एक शब्दही न लिहिता शिगेरू मियामोतो या कर्त्याने तेथे एक पाठशाळाच उभी केली आहे: उजवीकडे मोकळी वाट ठेवून कोठे जावे ते सांगितले आहे, समोरून एक लहानसा शत्रू चालत येतो, त्याला धडकले की मरण येते, म्हणून दुसऱ्या खेपेस आपोआप उडी मारली जाते, आणि डोक्यावरच्या ठोकळ्यातून निघालेले अळंबे उजवीकडे सरकत पाइपला आपटते व उलट फिरून आपल्याच अंगावर येते, जेणेकरून ते चुकविणे कठीण व्हावे आणि ते हितकर आहे हे नवख्याला भिण्याच्या आधीच कळावे. शिकविणे आणि रंजविणे या दोन क्रिया इतक्या बेमालूम एकत्र आलेल्या मी फार थोड्या ठिकाणी पाहिल्या आहेत.

संगणकावरच्या खेळांत, आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत एके काळी गुरुजींची पाठ फिरताच जो सुरू होई, त्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची गोष्ट अशीच उद्बोधक आहे. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली तो अॅपल २ या संगणकासाठी पुरा केला. आपल्या धाकट्या भावाला धावायला व उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल रेखाटून घेतली. म्हणून त्या राजपुत्राच्या देहाला वजन आहे, तो पळता पळता एकदम थांबू शकत नाही, दोन पावले घसरतो, आणि खळग्याच्या काठाशी त्याला जपून, एकेक पाऊल टाकीत न्यावे लागते. साठ मिनिटांची मुदत, खाली टोकदार सुळे आणि वर कोसळणारी फरशी, अशा जागी या वजनदार देहाची जबाबदारी खेळणाऱ्यावर येते. पुढे प्रतिस्पर्धी हवा झाला, तेव्हा संगणकाची स्मृती संपत आली होती; नवी आकृती साठवायला जागा उरली नव्हती. मग राजपुत्राचीच आकृती गणिती युक्तीने उलटवून त्याची छाया निर्माण केली गेली. ही छाया आरशातून बाहेर पडते, आपल्या वाटेत विघ्ने आणते, आणि शेवटी तिच्याशी तलवारीने लढू गेल्यास तिला केलेला वार आपल्यालाच लागतो, म्हणून तलवार म्यान करावी लागते. स्वतःच्या छायेशी वैर मिटविल्यावाचून पुढची वाट खुली होत नाही, ही त्या खेळातली सर्वांत उदात्त कल्पना यंत्राच्या अपुरेपणातून जन्मास आली.

‘टेट्रिस’विषयी फार लिहायला नको, मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो ज्या यंत्रावर रचला, त्याला चित्रेच काढता येत नसत, म्हणून पडणारे ठोकळे त्यांनी कंसाच्या चिन्हांनी मांडले, आणि तरीही खेळ तोच होता. पुढे १९८९ च्या गेम बॉयवर, दिवा नसलेल्या व चारच छटा दाखविणाऱ्या पडद्यावर, तो जगभर गेला.

यंत्रे समर्थ झाल्यावर कला संपली असे मात्र नव्हे, आणि जुने तेवढे सोने असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. प्लेस्टेशन २ वर २००५ साली आलेला फुमितो उएदा यांचा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा माझ्या मते या कलेतील उत्तुंग कृतींपैकी एक आहे. एका मृत मुलीला परत जिवंत करण्याच्या आशेने एक तरुण निषिद्ध प्रदेशात येतो, आणि तेथील सोळा महाकाय प्राण्यांचा वध करावा असा हुकूम त्याला होतो. वाटेत दुसरे शत्रू नाहीत, गावे नाहीत, बाजार नाहीत. विस्तीर्ण ओसाड मुलूख, वारा आणि एक घोडी, जी लगाम खेचताच वळत नाही, कारण ती एक स्वतंत्र प्राणी आहे. या महाकायांच्या अंगावर केसांना धरून चढायचे, आणि धरून ठेवण्यासाठी एक बटण बोटाने सतत दाबून ठेवायचे. महाकाय अंग झाडू लागतो, तरुणाची शक्ती ओसरत जाते, आणि आपले बोट भरून आले तरी आपण ते उचलत नाही, कारण उचलले तर तो शंभर हात खाली कोसळेल. पडद्यावरच्या माणसाची मूठ आणि आपली मूठ यांत अंतर राहत नाही. मग वर्मी तलवार बसते, तो प्रचंड देह संथपणे कोसळतो, वाद्यमेळ शोकाचा सूर धरतो. आणि ज्याने आपले काहीच वाकडे केले नव्हते त्याला आपण मारले, ही जाणीव मनाला कुरतडू लागते. हे कथानक चित्रपटात पाहिले असते, तर त्या तरुणाला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. येथे बटण माझ्या बोटाखाली होते.

हाच खेळ २०१८ साली प्लेस्टेशन ४ साठी नव्याने रेखाटला गेला. मूळ यंत्रावर तो अनेक ठिकाणी अडखळे, कारण कर्त्याने यंत्राच्या कुवतीबाहेरचे स्वप्न पाहिले होते. नव्या आवृत्तीत तो सफाईने चालतो आणि गवताचे पाते न् पाते दिसते. मूळ आवृत्तीतला धुरकट, डोळे दिपविणारा प्रकाश मला अधिक प्रिय आहे, तरी नव्याने खेळू इच्छिणाऱ्याला मी नवी आवृत्तीच सुचवीन, कारण बटण दाबून धरण्याचा तो नियम त्यांनी ढळू दिलेला नाही, आणि या खेळाचा प्राण त्या नियमात आहे.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा खेळ म्हणजे लुकास पोप यांचा २०१३ सालचा ‘पेपर्स, प्लीज’. आपण एका काल्पनिक हुकूमशाही राष्ट्राच्या सरहद्दीवरील नाक्यावरचे तपासनीस, साल १९८२. रांगेतला माणूस खिडकीशी येतो, दस्तऐवज पुढे सरकवितो. आपण पासपोर्टाची मुदत, नाव, छायाचित्र, शहर आणि शिक्का ताडून पाहायचे, आणि प्रवेशाचा किंवा नकाराचा शिक्का मारायचा. रोज सकाळी नवे परिपत्रक येते आणि कालचा नियम आज पुरत नाही. आणखी एक परवाना, आणखी एक दाखला. मेज मुद्दाम लहान ठेवले आहे, त्यामुळे माउसने कागद सरकविता सरकविता ते एकमेकांखाली दडतात, वेळ जातो, आणि वेळ गेला की कमाई बुडते, कारण मेहनताना माणशी मिळतो. चूक झाली की यंत्र खडखडत ताकीद छापते, आणि दिवसाच्या दोन ताकिदींनंतर दंड सुरू होतो. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेकोटी यांचा हिशेब समोर येतो. पैसे कमी पडले तर मुलगा आजारी पडतो.

अशा एका दिवशी एक गृहस्थ येतो. त्याचे कागद बिनचूक असतात, आणि जाता जाता तो विनवितो की मागून माझी बायको येत आहे, तिच्यावर मेहेरनजर असू द्या. ती येते, तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नसतो, आणि परत पाठविलेत तर मला मारून टाकतील असे ती म्हणते. कायदा स्पष्ट आहे. दोन्ही शिक्के हाताशी आहेत. तिला आत सोडावे तर ताकीद येणार, आणि त्या दिवशी आधीच दोन आल्या असतील तर मुलाच्या औषधाचे पैसे जाणार. सरकारी कचेरीच्या खिडकीबाहेर ताटकळण्याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. खिडकीच्या आतल्या बाजूस बसून, थकल्या डोळ्यांनी, दयेची किंमत मोजण्याचा अनुभव मला या खेळाने दिला. तो पुढे मोबाइलसाठीही निघाला, आणि लहान पडद्यासाठी त्या मेजाची मांडणी कर्त्याने विचारपूर्वक बदलली. पण ज्याच्यापाशी संगणक आहे त्याने तो संगणकावरच खेळावा.

मोबाइलवरचे खेळ सरसकट हलके मानण्याची चाल आता रूढ झाली आहे. ती मला मान्य नाही. २०१४ सालच्या ‘मॉन्युमेंट व्हॅली’मध्ये अशक्य भूमितीच्या वास्तू बोटाने फिरवून एका मूक राजकन्येसाठी वाट जुळवून द्यायची असते, आणि ते काचेवर बोट फिरविण्यातच शोभते, बटणांच्या यंत्रावर त्याची गोडी निम्मी उतरेल. दोष यंत्राचा नसून व्यवहाराच्या कराराचा आहे. ‘कँडी क्रश’मध्ये पाच जीव संपले की एकेक जीव परत मिळायला अर्धा तास थांबावे लागते, किंवा पैसे मोजावे लागतात, येथे खेळाची रचना खेळणाऱ्याच्या अधीरतेवर उभी आहे, आणि अधीरतेवर उभारलेली रचना मला निंद्य वाटते. केंद्र सरकारने २०२५ साली केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, आणि ई-स्पोर्ट्स व इतर करमणुकीचे खेळ त्यांपासून वेगळे काढले. हा विवेक स्वागतार्ह आहे; तथापि कायदा जुगार कोणता एवढे ठरवू शकतो, चांगला खेळ कोणता हे ठरविणे त्याच्या अखत्यारीत येत नाही. ते काम समीक्षेचे आहे.

आणि हे काम फार लांबणीवर टाकता येणार नाही, कारण परीक्षणाचा विषयच हातातून निसटत चालला आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कोठेही रीतसर विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडो कंपनीने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली, आणि केवळ तेथेच मिळणारे कित्येक खेळ बाजारातून उठले.

अन्य देशांतल्या कृतींविषयी एवढे लिहिल्यावर घरचा दाखला देणे प्राप्त आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी रचलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ २०२० साली प्रथम निन्टेंडो स्विचवर आणि मग संगणक व अन्य यंत्रांवर आला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली कसरतीच्या खेळात वाढलेली मुलगी, दुर्गेचा त्रिशूल, राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल, भिंतींवर रंगविलेल्या पुराणकथा आणि छायाबाहुल्यांनी सांगितलेले प्रसंग, हे सारे नजर खिळवून ठेवते. मात्र लढाया पुढे पुढे एकसुरी होतात, आणि शेवट इतका अकस्मात येतो की कथा अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते. हे दोषही मोकळेपणी सांगितले पाहिजेत, कारण ज्या कृतीचे दोष कोणी सांगत नाही तिचे कर्ते पुढची कृती अधिक चांगली कशी करणार?

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे की, रविवारच्या पुरवणीत नाटक, चित्रपट व पुस्तके यांच्या शेजारी महिन्यातून एकदा तरी एका खेळाच्या परीक्षणाला जागा द्यावी, ते खेळ शेवटपर्यंत खेळलेल्या माणसाकडून लिहवून घ्यावे, आणि खेळ कोणत्या यंत्रावर खेळला हे त्यात आवर्जून नमूद करावे. आरंभ ‘राजी’पासून करायला काहीच हरकत नाही.