गिटारची गर्जना आणि कानाची कसोटी

ध्वनिवर्धकाने मूळ स्वर आहे तसा मोठा करावा, त्यात पदरचे काही घालू नये, अशी आमच्या पिढीची समजूत. उत्सवात कर्णा खरखरला की मंडळी मांडववाल्याला धारेवर धरीत. विद्युत-गिटारच्या जगात मात्र ही खरखरच हवी असते. ती मोजूनमापून आणि बरेच पैसे खर्चून निर्माण केली जाते.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. तेथे १९६२ च्या सुमारास केन ब्रॅन व डडली क्रेव्हन या सहकाऱ्यांनी अमेरिकन 'फेंडर बेसमन' समोर ठेवून आपला अँप्लिफायर जोडला. आराखडा जवळजवळ तोच; पण पहिल्या जागी सुमारे ४४ पट वर्धनांकाच्या व्हॉल्व्हऐवजी १०० पटींचा ईसीसी ८३ बसला आणि स्वर लवकर फाटू लागला. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी टप्पे वाढविले : एका व्हॉल्व्हमध्ये फुगलेला स्वर दुसऱ्यात ओतावयाचा, तेथून तिसऱ्यात. जुन्या रेडिओची पाठ उघडून पाहिलेल्यांना हे अवघड वाटू नये.

खरे कौशल्य मात्र वाढविण्यात नसून छाटण्यात आहे. खर्ज आधीच कमी केला नाही, तर पुढच्या टप्प्यात स्वरांचा नुसता चिखल होतो; म्हणून मध्ये लहान कपॅसिटर घालतात. मार्शलच्या २२०३ या नमुन्यात एका टप्प्याच्या कॅथोडला १० हजार ओहमचा रोध आहे, सोल्डानोच्या १९८७ च्या एसएलओ १०० मध्ये ३९ हजारांचा. त्यामुळे तो व्हॉल्व्ह जणू अर्धवट झोपेत राहतो आणि ध्वनितरंगाची एक बाजू कापली जाते. एवढ्याशा फरकाने यंत्राचा स्वभाव पालटतो!

दोहोंत सरस कोणता, हा वाद या छंदात कधी मिटत नाही. वाद घालणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखविले, की आवाज लहान असता कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणजे किंचित मोठा वाजणारा अँप्लिफायर भरदार वाटणारच. तेव्हा दोन्हींची पातळी मीटरने सारखी करावी, गिटार व स्पीकर तेच ठेवावेत, आणि बदल दुसऱ्याने पडद्याआड करावा. स्पीकर बदलला, तर व्हॉल्व्हची तुलना व्यर्थच; आमच्या मते निम्मा स्वर तेथेच ठरतो.

एका भगिनींनी विचारले आहे, की चिरंजीवांनी असा संच जोडावयास घेतला आहे, त्यांस अडवावे काय? अडवू नये, पण आत ४०० ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब असतो, आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. रोधातून तो उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्याखेरीज हात घालू देऊ नये. चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात खिशात असावा, आणि घरात दुसरे माणूस जागे असावे. स्पीकर जोडल्यावाचून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालू करू नये; ट्रान्स्फॉर्मर जळतो, आणि तोच संचातील महागड्या वस्तूंपैकी एक आहे.