तोरणमाळचा भोंगा

सातपुड्यातल्या तोरणमाळला रात्री मोठी आग लागली तर बंबासाठी शहाद्याकडे बघावे लागते. अंतर सुमारे ५० किलोमीटर, त्यात सातपायरीचा घाट. बंब पोहोचेपर्यंत कुडाचे घर आणि माळ्यावरचा चारा यांतले काही उरत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ने आगीपासून बचावाची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आणि दर जानेवारी-जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मागितले. शहरासाठी हे योग्यच आहे. तिथे तपासणारा अधिकारी आणि धावून येणारे दल असते. सातपुड्याच्या माथ्यावर गजर ऐकून धावणार ते फक्त शेजारी. म्हणून इथल्या गजराचे नियम ग्रामसभेनेच ठरवले पाहिजेत. तिला तो हक्क आहे. आग विझवायला साह्य करणे आणि आगीत जीवित-मालमत्ता राखणे हे काम ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीतच आहे. तोरणमाळचा अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने २०१५पासूनचा पेसा कायद्याखालचा ५ टक्के अबंध निधीही हाताशी आहे.

सुरुवात आश्रमशाळांच्या वसतिगृहांपासून व्हावी. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली, तीही दिवसाढवळ्या. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळे दगावली. मुले झोपतात त्या खोलीत धूर ओळखणारे यंत्र हवेच. चुलीजवळ मात्र ते लावू नये. तिथे ते रोज वाजेल, आणि रोज वाजणारा गजर आठवडाभरात कुणीतरी काढून ठेवेल. स्वयंपाकघराला उष्णता ओळखणारे यंत्र लागते. दोन्ही बॅटरीवर चालणारी असावीत. वीज गेल्यावर गजरही मुका झाला तर तो लावून उपयोग काय? नाशिक-पुण्याकडे एका फोनवर गावभर घंटी वाजवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. चोर असो, बिबट्या असो की आग, ती कामी येते. पण ज्या पाड्यावर रेंज नाही तिथे हाताने फिरवायचा भोंगाच भरवशाचा.

यंत्रांपेक्षा मला जास्त काळजी कुलपाची वाटते. चोरीच्या भीतीने रात्री वसतिगृहाला बाहेरून कुलूप पडत असेल, तर गजर वाजूनही मुले आतच राहतील. बाहेरून कुलूप लावायचे नाही, दुसरे दार अडवायचे नाही, पाण्याची एक टाकी कायम भरलेली ठेवायची, आणि भोंगा वाजल्यावर कुणी काय करायचे याची तालीम वर्षातून दोनदा घ्यायची. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसाही लागत नाही.

तोरणमाळच्या ग्रामस्थांनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत या नियमांचा ठराव मांडावा, आणि कुलपाचा नियम त्याच रात्रीपासून पाळावा.